प्रीमियर पद्मिनी गाडीचं गरम स्टार्टिंग : नोंद तिसरी

तक्रार तीच. सकाळी अर्ध्या सेल्फला सुरू होणारी गाडी तासभर पळवून उभी केली, की पुढचा अर्धा तास नुसती घरघरते. पूर्ण गार झाली की काही झालंच नाही अशी सुरू. त्यामुळे तपासणी त्या अर्ध्या तासातच उरकायला हवी. गार गाडीत दोष सापडत नाही, आणि मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं.

आधी सेल्फ. गरम इंजिनवर सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर 10.1 व्होल्ट. 9.6 च्या खाली गेलं असतं तर बॅटरी किंवा सेल्फवर संशय. इंजिन ब्लॉक आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यात 0.15 व्होल्ट, म्हणजे अर्थिंगही ठीक.

मग कॉइल, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारी. तिचं पहिलं वेटोळं, प्रायमरी, गार असताना 3.1 ओहम, गरम 3.6. एवढ्यावरून कॉइल फेकू नका. तापमान 50 अंशांनी वाढलं की तांब्याचा रोध साधारण 20 टक्क्यांनी वाढतोच. गरम झाल्यावर सेकंडरी, म्हणजे दुसरं वेटोळं, ओपन (तुटलेलं) दाखवलं, तर मात्र कॉइल गेली. स्पार्क निळा आणि दमदार मिळाला. पिवळट, मरतुकडा असता आणि डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काळे पडले असते, तर आधी कंडेन्सर बदलला असता. स्पार्कची चाचणी एअर क्लिनर जागेवर असतानाच करावी. कार्बोरेटर उघडा ठेवून ठिणगी पाडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

खरा निकाल प्लगने दिला. चारही ओले, पेट्रोलचा भपका. टॅक्सीवाल्यांचा इंजिनाच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकायचा उपाय खोटा नाही, पण तो कोरड्या प्लगचा आहे: पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो तेव्हाचा. इथे उलटं, पेट्रोल जास्त झालंय. अशा वेळी फडकं टाकून अ‍ॅक्सिलरेटर पंप करत बसलं, की प्रत्येक दाबाला आणखी एक पिचकारी आत.

एअर क्लिनर काढून टॉर्चने पाहिलं. इंजिन बंद, तरी कार्बोरेटरच्या मेन नोझलमधून थेंब-थेंब गळतंय. फ्लोट चेंबरचं, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठवायच्या वाटीचं, बाहेरचं तापमान गाडी बंद करताना 56 अंश, 15 मिनिटांनी 69. पंखा आणि पाणी दोन्ही थांबल्यावर एक्झॉस्टची उष्णता वर चढते, म्हणून बंद केल्यावर कार्बोरेटर जास्त तापतो.

आता चेंबरमधलं पेट्रोल उकळतंय, की पाइपातला दाब निडल व्हॉल्व्ह (चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) ढकलतोय? पुढच्या फेरीनंतर गाडी बंद करताच पंप ते कार्बोरेटर ही रबरी नळी कार्बोरेटरजवळ चिमट्याने दाबली. गळणं जवळजवळ थांबलं आणि 15 मिनिटांनी गाडी दोन सेल्फमध्ये सुरू. म्हणजे बंद पाइपात तापून फुगलेलं पेट्रोल व्हॉल्व्हमधून घुसत होतं. चिमटा लावूनही गळलं असतं, तर कार्बोरेटरखालची उष्णता अडवणारी बेकेलाइट आणि तिची पॅकिंग पाहायची होती.

व्हॉल्व्ह उघडला. निडलच्या टोकावर गोल चरा, नखाला लागणारा. निडल आणि सीट जोडीनेच बदलले. नुसती निडल बदलून जुन्या सीटवर बसत नाही. सीटखालचा वॉशर मूळ जाडीचाच ठेवला, कारण जाड वॉशरने फ्लोट लेव्हल, म्हणजे चेंबरमधली पेट्रोलची पातळी, उतरते आणि चढावर गाडी उपाशी राहते. चोकची केबलही ताणलेली निघाली, लिव्हर दोनेक मिलिमीटर मागे यायचा राहत होता. केबलला थोडी ढील दिली. कडक झालेली नळी बदलताना इथेनॉल चालणारी घेतली. हल्लीच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही.

पाइप मॅनिफोल्डपासून बोटभर दूर वळवलाय. पाच गरम चाचण्यांपैकी चार पहिल्याच सेल्फला. पाचवीत अ‍ॅक्सिलरेटर तळाशी दाबून, न हलवता, सहा-सात सेकंद सेल्फ मारावा लागला. जास्तीचं पेट्रोल परत नेणारी रिटर्न लाइन टाकीकडे टाकायची की नाही, ते मे महिन्यात कसारा घाट चढून वर थांबल्यावर ठरवू.