तेरा दगड, चौदा किलोमीटर

हिंगणघाट तालुक्यात आमचं मोटरसायकलचं गॅरेज आहे. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी, दूधवाले आणि हप्तेवसुलीला गावोगाव फिरणारी पोरं. पांदण रस्त्याच्या काळ्या मातीत गाडी ओढत नाही, म्हणून पुढचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक, पोरांच्या तोंडी 'सॉकेट') एका दाताने लहान बसवून घेणारे इकडे बरेच. ओढ वाढते, टॉप स्पीड जातो. पण पांदणीत टॉप स्पीड पाहिजे कोणाला?

वसुलीवाली दोन पोरं एकदा भांडतच दारात उतरली. एक सुटीवर गेला की दुसरा त्याचाच रूट करायचा. भत्ता मीटरच्या आकड्यावर. एकाचे ८४ किलोमीटर व्हायचे, दुसऱ्याचे त्याच रस्त्याने नव्वदच्या वर. साहेबाने दुसऱ्याचा भत्ता अडवून धरला होता.

"भाऊ, म्या मीटरले हात नाही लावला," तो रडकुंडीला आलेला. "छोटं सॉकेट त्याच्याही गाडीले हाय, माह्याही. मंग माह्याच मीटरले काय झालं?"

प्रश्न बिनतोड होता. आधी त्याच्या गाडीचं चेनकव्हर काढलं. ग्रीस आणि माती मिळून काळा लगदा झालेला. तो खरवडून एका दाताला खडू लावला आणि मागचं चाक हाताने फिरवत मोजलं. तेरा. कंपनीचे असतात चौदा.

पहिल्याची गाडी जुन्या धाटणीची. तिची मीटरची केबल पुढच्या चाकाच्या ड्रममधून निघते. पुढचं चाक फिरलं तेवढंच ती मोजणार, मागे चेन कशीही ओढो. दुसऱ्याच्या गाडीचा सेन्सर मात्र गिअरबॉक्सवर. तो मोजतो पुढचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या शाफ्टचे फेरे, आणि चौदा दात धरूनच किलोमीटर लावतो. दात तेरा झाले की चाक तेवढंच फिरवायला शाफ्टला जादा फेरे मारावे लागतात. चौदा भागिले तेरा, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास वाढ. ८४ चे साडेनव्वद होतात ते इथे. स्पीडचा काटाही त्याच हिशेबाने पुढे पळतो. (काटा तसाही कंपनीकडूनच थोडा जास्त दाखवणारा येतो. भत्त्याचं भांडण ओडोमीटरचं, म्हणजे किलोमीटरच्या आकड्याचं.)

साहेबाला हे तोंडी पटणार नव्हतं. म्हणून दुसऱ्याची गाडी घेऊन वडनेरकडे नॅशनल हायवेला गेलो, पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड धरून. मागे बसलेला पहिला पोरगा मोबाइलमध्ये दगड आणि मीटर, दोन्हींचं शूटिंग घेत होता. तेरा दगड मागे पडले तेव्हा मीटर चौदावर आलेलं.

"म्हंजे माह्या अ‍ॅव्हरेज वाढला तेही खोटंच काय?" दुसऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. महिनाभर तो सगळ्यांना सांगत फिरला होता, सॉकेट बदललं अन् गाडी लिटरमागे जास्त जाऊन राह्यली. जास्त जात होतं मीटर. इंजिन तर त्याच वेगाला आधीपेक्षा जास्त फिरत होतं, पेट्रोल वाचणार कुठून?

चौदा दातांचं परत बसवून देतो म्हटलं, तर नाही म्हणाला. पांदणीत गाडी ढकलायची त्याची तयारी नव्हती. आता तो भत्त्याच्या कागदावर मीटरचा आकडा लिहितो, त्याला तेराने गुणून चौदाने भागतो आणि आलेलं उत्तर खाली लिहितो. साहेब सही करतो. जुने वाढीव किलोमीटर मात्र मीटरमध्येच आहेत, गाडी विकताना गिऱ्हाइकाला ते समजावून सांगावं लागेल.