आधी छोटा मासा: केप फिअर नदीवरची एक रात्र

मोठा कॅटफिश धरायचा तर आधी दिवसाउजेडी आमिषाला छोटे मासे धरावे लागतात, आणि अंधार पडेपर्यंत ते जिवंत ठेवावे लागतात. त्यामानाने रात्री गळ टाकून बसणं सोपं. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या एलिझाबेथटाउनला आम्ही दुपारी चारलाच पोचलो, तेव्हा ‘एवढ्या लवकर कशाला?’ हा प्रश्न बाबांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

बाबा भिलवडीचे, कृष्णाकाठी वाढलेले. बँकेतून निवृत्त झाले आणि पुन्हा गळाला लागले, असं आई म्हणते. आमच्याकडे कॅरीला आले की देऊळ, कॉस्टको आणि संध्याकाळची चक्कर यात त्यांचा जीव रमत नाही. शेवटी ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सुचवलं, ‘आमचे सासरे नेतील ना तुम्हाला कॅटफिशला.’ वय सत्तरीच्या पुढे, जन्म ब्लेडन काउंटीतला, स्वतःची सपाट बुडाची अ‍ॅल्युमिनियमची होडी. आमच्या घरात त्यांचं नाव तेव्हापासून ‘सासरेबुवा’च पडलं.

कॅरीहून एलिझाबेथटाउन दोन तासांच्या आत. फेएटव्हिल गेलं की शहर संपतं आणि तंबाखू, सोयाबीन, पाइनची झाडी सुरू होते. मध्येच वराहपालनाच्या लांबलचक शेड्स येतात. त्यांचा वास आला तशी बाबांनी मुकाट्याने काच वर केली. फेएटव्हिलजवळ आकाश निरभ्र असताना दूर गडगडाट झाला. फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर तोफांचा सराव चालतो, त्याचा तो आवाज. होडी उतरवायची जागा टोरी होल नावाच्या घळीपाशी आहे. १७८१ साली स्वातंत्र्ययुद्धात इथे लढाई झाली, हरलेले ‘टोरी’, म्हणजे ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ असलेले लोक, पळताना या घळीत कोसळले, म्हणून हे नाव. सासरेबुवांनी हे सगळं एका वाक्यात उरकलं आणि बाबांच्या हातात एक बारीक काठी दिली.

तिला अगदी छोटा गळ, लाल-पांढरा तरंगता आणि आमिष म्हणून रातकिडा. हवे होते ब्लूगिल. सनफिशच्या कुळातला हा मासा इथल्या प्रत्येक तळ्याओढ्यात असतो, आणि या भागात अशा सगळ्याच माशांना ‘ब्रिम’ म्हणतात. पसरट अंग, छातीवर तांबूस-नारिंगी झाक आणि कल्ल्याच्या टोकाला काळी टिकली. पाठीवरचे काटे मात्र हाताला लागतात. बाबांनी पहिला ब्रिम काढला तो डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत, काटे दाबून. सासरेबुवांनी ते पाहिलं. त्यानंतर त्यांनी बाबांना काहीही शिकवलं नाही, शिकवणी लागली ती फक्त मला.

आमिषाची निवड म्हणजे जवळजवळ वधूपरीक्षाच. बोटाएवढे परत पाण्यात. ज्याने गळ खोल गिळला किंवा ज्याच्या कल्ल्यातून रक्त येतंय, तो बाद, कारण तो रात्रीपर्यंत टिकत नाही. तळहाताएवढा, जोमदार, हातातून सुटायला बघणारा तेवढा ठेवायचा. ठेवायचा तो गोल टाकीत. चौकोनी डब्यात मासे कोपऱ्यात दाटी करतात आणि तोंडं घासून घेतात. टाकीत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप बुडबुडत असतो. पाणी नदीचंच, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. जुलैच्या उन्हात पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून पाणी गोठवलेली बाटली झाकणासकट आत तरंगत ठेवलेली. दर थोड्या वेळाने सासरेबुवा टाकीत डोकावत. एखादा ब्रिम वर येऊन तोंड उघडझाप करू लागला की अर्धं पाणी बदलायचं, पण हळूहळू, एकदम नाही. इतकी उस्तवार मी घरच्या कुंड्यांचीही करत नाही.

दुकानातून विकत का आणत नाही, असं विचारल्यावर ते म्हणाले, “ज्या नदीचा मासा, त्याच नदीचं आमिष. उरलेले परत सोडता येतात. दुसऱ्या पाण्यातले इथे सोडले तर काय होतं, ते रात्री सांगतो.”

एवढा खटाटोप फ्लॅटहेड कॅटफिशसाठी. या नदीत ब्लू आणि चॅनल कॅटफिशही आहेत, पण त्यांना मेलेल्या माशाचा तुकडा चालतो, वास आला की ते येतात. मोठ्या फ्लॅटहेडला हलतं, जिवंत लागतं. पिवळट-तपकिरी चट्ट्यांचं अंग, चपटं डोकं, वरच्या जबड्याच्या पुढे आलेला खालचा जबडा आणि बारीक डोळे. दिवसभर तो पडलेल्या झाडाखाली किंवा पोखरलेल्या काठाखाली पडून राहतो आणि रात्री शिकारीला निघतो. गढूळ पाण्यात त्याला डोळ्यांची फारशी गरजही पडत नाही. मिशांवर आणि कातडीवर चव कळते, पाण्यातली बारीकशी थरथर अंगावरच्या संवेदी रेषेला समजते, शिवाय इतर कॅटफिशप्रमाणे दुसऱ्या जिवाच्या शरीरातले सूक्ष्म विद्युत संकेतही त्याला जाणवतात. अशा पाहुण्याच्या दारात धडपडणारा ब्रिम म्हणजे आमंत्रणच.

“आमच्या कृष्णेतल्या शिवड्यालाही असंच लागतं,” बाबा म्हणाले. “मेलेल्याला तो ढुंकून बघत नाही.” मी भाषांतर केलं. सासरेबुवांनी शिवडा किती मोठा होतो विचारलं. बाबांनी दोन्ही हात फाकवले, मग थोडे आणखी फाकवले.

अंधार पडता पडता नदीच्या वळणावर, बाहेरच्या अंगाला, एका आडव्या पडलेल्या झाडापासून प्रवाहाच्या वरच्या बाजूला होडी नांगरली. दोर जाड विणीचा. त्यावर सरकतं शिसं, मग एक मणी, फिरकी, आणि पुढे वीतभरच तंगूस. वीतभरच का, तर लांब सोडला तर ब्रिम पोहत जाऊन फांद्यांत दोर गुंडाळून ठेवतो. टोकाला मोठा वर्तुळाकार गळ, टोक आत वळलेलं.

ब्रिम गळाला कसा लावतात ते मी टॉर्चच्या उजेडात जवळून पाहिलं. सासरेबुवांनी ओल्या हाताने तो अलगद धरला. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग पाठीच्या पराच्या मागे, कण्याच्या वरच्या मांसातून गळ आरपार काढला. कण्याला लागलं तर मासा लुळा पडतो आणि तळाशी नुसता पडून राहतो. धार जोरात असेल तेव्हा ते नाकपुड्यांतून लावतात, म्हणजे मासा प्रवाहाला तोंड करून नीट पोहतो. गळाचं टोक मोकळं राहायला हवं, खवल्यात रुतलेलं नको. हे पाहायला सुखद नाही. जर्मनीत प्राणिसंरक्षण कायद्यामुळे जिवंत मासा गळाला लावायला सहसा बंदी आहे, आणि ती का असावी हे त्या क्षणी मला कळत होतं. तरी मी बघत राहिले. तिसरा ब्रिम बाबांनी लावला.

मग काठीच्या टोकाकडे बघत बसायचं. टोकाला छोटी घंटी असते, पण सासरेबुवा तिच्याकडे लक्ष देत नाहीत, टोकाची हालचाल वाचतात. ब्रिम निवांत असला की टोक मधूनच एखादा हिसका देतं. अजिबात हललं नाही तर तो मेलाय किंवा फांदीत अडकलाय, दोर ओढून बघायचं. आणि एकाएकी भराभर टकटक सुरू झाली, तर खाली कुणीतरी आलंय आणि ब्रिमला ते कळलंय. त्यानंतर बहुतेकदा एक शांतता येते. काठीला हात लावायचा नाही.

तशी टकटक अकराच्या सुमारास सुरू झाली. बाबा उठायला लागले, सासरेबुवांनी त्यांचा दंड धरून खाली बसवलं. वर्तुळाकार गळाला हिसका देऊन चालत नाही, हिसका दिला की तो तोंडातून तसाच निसटून येतो. मासा तोंड मिटून वळला की गळ सरकत ओठाच्या कोपऱ्यात बसतो. टोक थांबलं. मग काठी सावकाश वाकत पाण्यापर्यंत गेली आणि सासरेबुवांनी दंड सोडला. पहिला मिनिटभर झाडापासून मासा लांब ठेवायची नुसती ओढाताण होती. बाबांचं तोंड घट्ट मिटलेलं, पाय होडीच्या कडेला रोवलेले. जाळीत आला तेव्हा काट्यावर भरला चोवीस पौंड, म्हणजे अकरा किलोच्या आतबाहेर. मी तोंडात अंगठा घालून बघितला. सुळे नाहीत, पॉलिशपेपरसारखी खरखरीत पट्टी. खालच्या ओठाच्या कोपऱ्यात गळ, सासरेबुवांनी सांगितला होता अगदी तिथेच.

या नदीच्या हिशेबाने हा मध्यम आकार. फ्लॅटहेडचा जागतिक विक्रम १२३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५६ किलोचा. १४ मे १९९८ रोजी कॅन्ससमधल्या एल्क सिटी जलाशयात. तो धरणारा गृहस्थ क्रॅपी नावाच्या छोट्या माशांसाठी बारीकसा मिनो मासा लावून बसला होता. हे सांगताना सासरेबुवांचा चेहरा कडू झाला.

रात्री सांगतो म्हणालेली गोष्टही त्यांनी तेव्हाच सांगितली. फ्लॅटहेड मूळचा मिसिसिपी खोऱ्यातला, केप फिअरमध्ये तो नव्हताच. १९६६ साली फेएटव्हिलजवळ सरकारी मत्स्यतज्ज्ञांनी अकरा प्रौढ मासे सोडले. अवघे अकरा! पंधराएक वर्षांत तो नदीच्या सुमारे दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात पसरला आणि इथला मुख्य शिकारी होऊन बसला. इथले मूळचे छोटे बुलहेड कॅटफिश झपाट्याने घटले. सासरेबुवांच्या लहानपणी वडिलांच्या गळाला बुलहेडच लागत. शेजारच्या जॉर्जियात सॅटिला नदीतून फ्लॅटहेड सरकारच बाहेर काढतं. म्हणजे इथले जे छोटे मासे आपण त्याला चारतोय, ते तो गेली साठ वर्षं फुकट खातोय.

“मग हा घरी न्यायचा ना?” बाबांनी विचारलं. पुण्याचं काम नसलं तरी पोटाच्या कामी येईल, असा त्यांचा हिशेब. तिथे मी आडवी आले. वरच्या अंगाच्या एका रसायन कारखान्यातून जेनएक्स नावाचं रसायन या नदीत जात होतं, हे २०१७ साली उघडकीला आलं. त्यानंतर तपासण्या वाढल्या आणि जुलै २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने नदीच्या मधल्या आणि खालच्या पट्ट्यातल्या माशांबद्दल सूचना काढली. माशांत पीएफओएस हे त्याच कुळातलं, सहजी न विघटणारं रसायन सापडलं होतं. फ्लॅटहेड वर्षातून एकदाच खावा, आणि मुलांनी व मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी अजिबात खाऊ नये. त्याच यादीत, त्याच ओळीत, ब्लूगिलही आहे. चॅनल आणि ब्लू कॅटफिशला थोडी सवलत, मुलं आणि या बायका सोडून बाकीच्यांना वर्षातून सात वेळा.

बाबांनी यादी मोबाइलवर स्वतः वाचली, चष्मा वर करून दोनदा. मग मासा कुणी ठेवायचा यावर दोन्ही म्हाताऱ्यांची माझ्यामार्फत बरीच बोलाचाली झाली. आपल्या वाटचा वर्षाचा एक अजून शिल्लक आहे, असं म्हणत सासरेबुवांनी तो बर्फात टाकला. टाकीतले उरलेले ब्रिम नदीत गेले.

दुसऱ्या दिवशी ब्लॅक रिव्हरवर गेलो. केप फिअरचीच ही उपनदी. तिच्या दलदलीत बाल्ड सायप्रसची झाडं आहेत, त्यातल्या एकाचं वय वलयं मोजून निदान २,६२४ वर्षं निघालंय. तिथे होडीवाला गाठायचा तर आधी ठरवून जा, आणि डासांचं मलम विसरू नका. परवान्यासाठी राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर दहा दिवसांचाही पर्याय आहे, पाहुण्यांना तो पुरतो.

दुपारी रस्त्यावरच्या एका खानावळीत मक्याच्या पिठात तळलेला कॅटफिश मागवला. हा मासा बहुधा मिसिसिपी किंवा अलाबामातल्या शेततळ्यातला चॅनल कॅटफिश किंवा त्याचा संकर असतो, दाण्यावर वाढवलेला. बाबांनी अख्खी ताटली संपवली. मग वेटरला बोलावून, माझ्याकडे न बघता, थेट इंग्रजीत विचारलं, “मिरची पावडर?”