मॉरिशस, पण पॅकेजमध्ये नसलेलं

मॉरिशसचं पॅकेज घेतलं की इल ओ सर्फ, कॅटामरान बोटीची सफर, शामारेलची सात रंगांची माती आणि गंगा तलाव हे ठरलेलंच. बहुतेक लोक विमानातून उतरतात ते थेट बस किंवा टॅक्सीने उत्तरेला ग्राँ बेच्या हॉटेलांकडे जातात. आम्ही उलटं केलं आणि विमानतळाच्या जवळच, आग्नेय किनाऱ्यावरच्या माहेबूर गावात खोली घेतली. इथे पोहण्याजोगा किनारा गावात नाही, त्यामुळे राहणं स्वस्त. मात्र या देशात काय होतं, ते कसं गेलं आणि कोण आलं, हे कळायला याच्याइतकी सोयीची जागा नाही.

सगळ्यात आधी इल ओ एग्रेत. हे जेमतेम 26 हेक्टरचं प्रवाळी बेट किनाऱ्यावरून डोळ्यांना दिसतं. पॉइंत जेरोमच्या धक्क्यावरून होडी सुटते आणि बेटावर फक्त वाटाड्यासोबतच फिरता येतं. आगाऊ नोंदणी करा. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन हे बेट सांभाळतं. तिकीट स्वस्त नाही, पण पैसे संवर्धनालाच जातात. डचांनी मुख्य बेटावरचं आबनुसाचं जंगल तोडून जहाजं भरली. किनाऱ्यालगतच्या त्या कोरड्या जंगलाचा एक तुकडा इथे शिल्लक राहिला, आणि आता बाहेरून आलेली झाडं उपटून तो पुन्हा वाढवतायत. वाटेत अल्डाब्राची अजस्र कासवं आडवी येतात. मॉरिशसची स्वतःची कासवं माणसांनी खाऊन संपवली, म्हणून सेशेल्समधल्या या चुलतभावंडांना कामाला लावलंय: फळं खायची आणि बिया जंगलभर टाकत फिरायचं. गुलाबी कबूतर दिसायला नशीब लागतं असं म्हणतात, आम्हाला मात्र ते फांदीवर अगदी निवांत बसलेलं दिसलं. 1990च्या सुमारास जंगलात यांची संख्या दहाच्या आसपास उरली होती, आज ती शेकड्यांत आहे. मध्येच दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश तोफाही लागतात. पायात बंद बूट हवेत, कारण प्रवाळाचा खडक धारदार आहे. डासांचं मलमही न्या. जून ते ऑगस्टमध्ये या किनाऱ्यावर वारा फार, तेव्हा सकाळची होडी बरी.

माहेबूरचं राष्ट्रीय इतिहास संग्रहालय एका जुन्या फ्रेंच वाड्यात आहे. ऑगस्ट 1810 मध्ये समोरच्या ग्राँ पोरच्या खाडीत ब्रिटिश आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली, ब्रिटिशांच्या चारही युद्धनौका गेल्या, आणि दोन्हीकडचे जखमी सेनापती, विलोबी आणि द्युपेरे, उपचारासाठी याच घरात आणले गेले. पॅरिसच्या विजयकमानीवर ग्राँ पोरचं नाव कोरलेलं आहे ते या लढाईमुळे. त्याच डिसेंबरात ब्रिटिशांनी बेट घेतलं, हा भाग फ्रेंच लोक जरा हळू आवाजात सांगतात. 1744 मध्ये बुडालेल्या सँ जेराँ जहाजाची घंटाही इथेच आहे.

बसने थोडं उत्तरेला व्ह्यू ग्राँ पोरला डचांच्या वसाहतीचे अवशेष आणि फ्रेडरिक हेंड्रिक संग्रहालय आहे. छोटं आहे, अर्ध्या तासात होतं. डच 1638 मध्ये वसले आणि 1710 मध्ये बेट सोडून गेले, एवढं लक्षात ठेवून पाहिलंत तर पुरे. सोमवारी माहेबूरचा आठवडी बाजार भरतो, त्या दिवशी गावातच रेंगाळा. कसाव्याची, म्हणजे ज्या कंदाचा साबुदाणा करतात त्याची, बिस्किटं करणारा रो कुटुंबाचा 1870 पासूनचा कारखानाही गावालगतच आहे. बिस्किटं गरम तव्यावरची खावीत. घरी आणलेल्या पुड्याला ती चव राहिली नाही.

पोर्ट लुईला जायला माहेबूरहून बसने क्युरपीप आणि तिथून मेट्रो. टॅक्सीच्या तुलनेत खर्च किरकोळ. राजधानीत पहिल्यांदा नैसर्गिक इतिहास संग्रहालयात डोडोचा सांगाडा पाहा. जगभर दिसणारे बहुतेक डोडो निरनिराळ्या पक्ष्यांची हाडं जोडून उभे केलेले असतात, आणि ती हाडं मुख्यतः 1865 मध्ये माहेबूरचे शाळामास्तर जॉर्ज क्लार्क यांनी आजच्या विमानतळाजवळच्या दलदलीतून काढलेली. पोर्ट लुईचा हा सांगाडा मात्र एकाच पक्ष्याचा आहे. एतियेन तिरियू नावाच्या, पेशाने न्हावी असलेल्या हौशी माणसाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातल्या गुहेत सापडला. विज्ञानातलं एवढं मोठं काम मास्तर आणि न्हाव्याने केलं, याचं मला फार बरं वाटलं. कॉदाँच्या धक्क्यावरच्या ब्लू पेनी संग्रहालयात 1847ची दोन प्रसिद्ध टपाल तिकिटं आहेत. मूळ तिकिटांवर दिवा थोडाच वेळ लावतात, त्यामुळे आत शिरतानाच वेळ विचारून घ्या.

मग आप्रवासी घाट, म्हणजे हिंदुस्थानातून आणलेले मजूर जिथे उतरवले जात ते आगार. 2006 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. महामार्गाने बराच भाग गिळला, तरी 1849 पासूनच्या आगाराचे अवशेष उरलेत: भटारखाना, शौचालयं, दवाखान्याची खोली आणि समुद्रातून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. कराराने आणलेले सुमारे साडेचार लाख हिंदुस्थानी मजूर इथल्या आगारातून गेले. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून आणि काही मुंबईहून चढलेले. मुंबईवाल्यांत कोकणातली मंडळी बरीच होती. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा तेव्हाचा नियम. शेजारच्या माहिती केंद्रात किमान दीड तास काढा. तो आधी आणि अवशेष नंतर, नाहीतर नुसते दगड दिसतील. आम्ही गेलो तेव्हा तिकीट नव्हतं. रविवारी बंद असतं. मजुरांच्या नोंदवह्या आणि फोटो मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. घराण्यातलं कोणी मॉरिशसला गेल्याची आठवण असेल तर आधी पत्रव्यवहार करून जा.

कोकणातल्या त्या लोकांची नातवंडं-पतवंडं पश्चिमेला कास्काव्हेल गावात भेटतात. तिथल्या देवळात एका काकूंनी इथल्या क्रिओल बोलीत सुरुवात केली, आम्ही मराठीत उत्तर दिल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बसा, चाय घ्या." गणेश चतुर्थीला इथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळेत मराठी शिकवलं जातं. चतुर्थीच्या आसपास जाणार असाल तर झाकरीचं गाणं-नाच विचारून शोधा.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानाबद्दल सगळे लिहितात म्हणून थोडक्यात: पेत्रँहून चालायला सुरुवात करा, प्रवेश मोफत आहे, पाऊस केव्हाही येतो. वाटेत सगळीकडे दिसणारा लाल चिनी पेरू चवीला छान, पण मूळ जंगल त्यानेच गिळलंय. इल ओ एग्रेत आधी पाहिलं असेल तर इथे किती गेलं ते लगेच समजतं.

भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी आधी व्हिसा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याची नोंद हाताशी ठेवा. गावोगावच्या बसेस संध्याकाळी लवकर बंद होतात, तेव्हा परतीची शेवटची बस ड्रायव्हरलाच विचारा. जानेवारी ते मार्च वादळांचा काळ. खाण्याचं सोपं: रस्त्यावर मिळणारी ढॉल पुरी, म्हणजे डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, तिच्यात भाजी आणि चटणी घालून गुंडाळून देतात. शाकाहारी माणूस तिच्यावर आठवडा काढेल. पण गाड्या दुपारीच रिकाम्या होतात, म्हणून अकराच्या आत गाठा.