मॅडिसन स्क्वेअरमधला पुतळा आणि १८८४ ची पाडापाडी

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कात आग्नेय कोपऱ्याला रॉस्को काँक्लिंग या रिपब्लिकन पुढाऱ्याचा पुतळा आहे. पार्काच्या पश्चिमेला, जिथं आता ईटाली नावाच्या दुकानात पास्ता घ्यायला झुंबड असते, तिथं पूर्वी फिफ्थ ॲव्हेन्यू हॉटेल होतं. १८८४ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेनच्या तोंडचा घास गेला, त्यात या दोन्ही कोपऱ्यांचा हात होता.

सगळे सांगतात ती हॉटेलची गोष्ट. मतदानाला आठवडा उरलेला. पाद्री सॅम्युअल बर्चर्ड ब्लेनसमोरच बोलून गेले की डेमोक्रॅट म्हणजे 'दारू, रोमन पंथ (म्हणजे कॅथलिक) आणि बंडखोरी'वाला पक्ष. ब्लेन गप्प राहिला. आयरिश कॅथलिक मतांसाठी त्यानं जिवाचं रान केलं होतं, त्याची स्वतःची आई कॅथलिक. पण दोन-तीन दिवसांत ते वाक्य गल्लोगल्ली पोचलं. बर्चर्ड बोलले त्याच रात्री ब्लेन डेल्मोनिको रेस्टॉरंटमध्ये जे गुल्डसारख्या धनदांडग्यांच्या पंगतीला बसला. दुसऱ्या दिवशी 'वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर त्या मेजवानीचं व्यंगचित्र!

मला मात्र पुतळ्याची गोष्ट जास्त पटते. १८६६ मध्ये भर सभागृहात ब्लेननं काँक्लिंगच्या ऐटीला टर्कीच्या नराची चाल म्हटलं होतं. काँक्लिंगनं अठरा वर्षं डूख धरला. ब्लेनच्या प्रचाराला या म्हणून लोक विनवायला गेले, तर या वकीलसाहेबांनी 'मी फौजदारी खटले घेत नाही' असं सुनावल्याचं सांगतात. पक्ष तोच, पण काम शून्य. आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगायला नको. काँक्लिंगची न्यूयॉर्क राज्यातली ओनाइडा काउंटी (जिल्ह्यासारखा भाग) १८८० मध्ये रिपब्लिकनांकडे होती, ती यावेळी डेमोक्रॅट उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलंडकडे गेली. शिवाय दारूबंदीवाल्या पक्षाचा उमेदवार सेंट जॉननं राज्यात सुमारे २५,००० मतं खाल्ली, तीही बहुतेक रिपब्लिकनांचीच.

राज्यातल्या साडेअकरा लाखांहून जास्त मतांत क्लीव्हलंडची आघाडी होती १,१०० च्या आसपास. तेवढ्यावर न्यूयॉर्कची सगळी ३६ इलेक्टोरल मतं (अध्यक्ष ठरवणारी, राज्यवार वाटलेली मतं) त्याला मिळाली आणि निकाल लागला २१९ विरुद्ध १८२. ही ३६ तिकडे गेली असती तर ब्लेन अध्यक्ष. चार वर्षांनी देशभरात जास्त मतं मिळवूनही क्लीव्हलंड पडला, तोही न्यूयॉर्क हातचं गेल्यामुळे. तेव्हा तो हरला बेंजामिन हॅरिसनकडून.