पँगाँग नक्की कुठल्या तारखेला गोठतो?

पावसाळ्यात मुंबईचा माणूस सकाळी पेपर उघडून आधी काय बघतो तर सात तलावांची टक्केवारी. तानसा किती, भातसा किती, मोडकसागर ओव्हरफ्लो झाला का, आणि मग लोकलमध्ये त्याच आकड्यांवर चर्चा. मला तसंच वेड लागलंय, फक्त माझे तलाव लांबचे आहेत आणि हिशोब पाण्याचा नाही, बर्फाचा. लडाखमधले पँगाँग आणि त्सो मोरिरी, हिमाचलचा चंद्रताल, सिक्कीमचा गुरुडोंगमार, हे हिवाळ्यात कधी गोठले आणि कधी सुटले ते मी भांडुपला घरी बसून सॅटेलाइटच्या फोटोंवर बघत असते. नवरा म्हणतो, अगं आपल्या नळाला पाणी कधी येणार ते सांगतो का तुझा सॅटेलाइट? नाही सांगत.

आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर दर वर्षी कोणीतरी विचारतंच की मार्चएंडला गेलो तर पँगाँगवर बर्फ मिळेल का. लोकांना वाटतं वरून फोटो काढला, पांढरं दिसलं की बर्फ, निळं दिसलं की पाणी, विषय संपला. खरी मजा तर इथूनच सुरू होते, कारण पांढरं दिसणारं बऱ्याचदा ढग निघतं आणि काळंभोर दिसणारं चक्क बर्फ असतं.

ढगाचा घोळ त्यातल्या त्यात सोपा आहे. आपल्या डोळ्यांना ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे, पण शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड नावाचा, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा एक पट्टा असतो, साधारण १.६ मायक्रॉनचा, त्यात बर्फ बराचसा प्रकाश शोषून घेतो म्हणून गडद दिसतो आणि ढग मात्र चमकतच राहतात. मग हिरवा पट्टा आणि हा पट्टा यांची वजाबाकी भागिले बेरीज करायची, याला एनडीएसआय म्हणतात, आणि उत्तर ०.४ च्या वर आलं की बर्फ धरायचं, असा ढोबळ नियम. पातळ विरळ ढग, किंवा वरच्या थरातले बर्फाच्या कणांचेच ढग असले की हा नियमही गडबडतो, पण बऱ्यापैकी काम होतं.

काळा बर्फ मात्र खरंच डोकं खातो. लडाख म्हणजे थंड वाळवंट, हिवाळ्यात तिथे फार बर्फवृष्टी होत नाही आणि जी होते ती वारा उडवून नेतो. त्यामुळे तलावावर नुसतीच काचेसारखी आरपार लादी धरते, वर पांढरा थर नाहीच. उभं राहून बघितलं तर पायाखाली भेगा दिसतात, पण सातेकशे किलोमीटर वरून बघणाऱ्या लँडसॅट उपग्रहाला खालचं गडद पाणीच दिसतं. त्यात डिसेंबरमध्ये सूर्य खाली असतो, डोंगरांच्या लांबलचक सावल्या तलावावर पडतात, त्याही काळ्या. म्हणजे काळ्यावर काळं, आता सांगा यातलं पाणी कुठलं.

इथे रडार कामाला येतं. सेंटिनेल-१ सारखा उपग्रह स्वतःच लहरी पाठवतो आणि परत आलेल्या मोजतो, त्याला ना उजेड लागतो ना ढगांची अडचण होते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सिक्कीमचा साउथ ल्होनाक तलाव फुटला तेव्हा इस्रोने त्याच्या क्षेत्रफळाचे जे आकडे दिले, आधी १६७.४ हेक्टर आणि ४ ऑक्टोबरला ६०.३, ते अशाच रडारच्या चित्रांच्या जोरावर. (तो प्रकार वेगळा, हिमनदीच्या तोंडाशी साठलेलं पाणी. मी जे बघते ते दर वर्षी गोठून सुटणारे तलाव. फॉरवर्डमध्ये लोक सरसकट सगळं एक करतात.)

पण रडारचेही नखरे आहेतच. शांत पाणी आरशासारखं, लहर दुसरीकडे परावर्तित होऊन जाते, म्हणून चित्रात काळं येतं. बर्फात भेगा असतील, बुडबुडे अडकलेले असतील, पृष्ठभाग खडबडीत असेल तर ते उजळ दिसतं. छान. आता वारा सुटला आणि पाण्यावर लाटा उठल्या की पाणीही उजळ दिसतं, आणि गुळगुळीत नवीन बर्फ पुन्हा काळा. त्यामुळे एका चित्रावरून काहीच म्हणता येत नाही, आठवड्यामागून आठवडे एकाच तलावाची चित्रं लावून बघावी लागतात, मग कळतं की लाटांचं चित्र दर वेळी वेगळं दिसतं आणि बर्फातली भेग मात्र पुढच्या फेरीलाही तिथल्या तिथेच असते. मला विचाराल तर रंगीत सुंदर फोटोंपेक्षा हे करडे, दाणेदार, कोणी स्टेटसला न लावणारे रडारचे फोटोच जास्त भरवशाचे.

मग तारखेचा प्रश्न येतो. पँगाँग साधारण १३४ किलोमीटर लांब, सव्वाचार हजार मीटरवर, पूर्वेचा मोठा भाग तिबेटमध्ये. आपल्याकडचं पश्चिमेचं पाणी जास्त खारट, पूर्वेकडे खारटपणा कमी होत जातो, आणि मीठ जास्त तितका गोठणबिंदू खाली. शिवाय गोड पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, म्हणून पृष्ठभागावरचं पाणी थंड होऊन खाली बसत राहतं, खालचं वर येतं, हे सगळं तितकं गार होईपर्यंत वर बर्फ धरत नाही. उथळ तलाव म्हणून लवकर गोठतो, खोल रेंगाळतो. तोवर काठाकाठाने, खाडीसारख्या कोपऱ्यांत बर्फ धरतो, एका रात्रीत वारा येऊन तो फोडून टाकतो, परत धरतो. मग गोठला कधी? बर्फ पहिल्यांदा दिसला तो दिवस की पूर्ण झाकला गेला तो? अभ्यास करणारे दोन्ही तारखा वेगळ्या नोंदवतात, फुटायला लागल्याची आणि पूर्ण सुटल्याचीही, म्हणजे एका हिवाळ्याच्या चार तारखा. वर्तमानपत्रात येणारं ‘यंदा तलाव लवकर गोठला’ हे वाक्य यातल्या कुठल्या तारखेबद्दल आहे ते कोणीच सांगत नाही, आणि माझी खरी चिडचिड तिथेच होते.

रडार नाही, साधे रंगीत फोटो काढणारे सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून पाच दिवसांनी एकाच जागी येतात, १० मीटरचा पिक्सेल, भारी दिसतं. पण त्यात दोन फेऱ्या ढगात गेल्या की पंधरा दिवसांचं भोक, आणि तेवढ्यात तलाव गोठून मोकळा. उलट मोडिस हा जुना सेन्सर, २००० पासून जवळजवळ रोज बघतोय, पण त्याचा बर्फाचा पिक्सेल ५०० मीटरचा, चंद्रतालसारखा लहान तलाव त्यात दोनचार ठिपक्यांत संपतो. तारीख हवी तर नजर अधू, नजर हवी तर तारीख हुकते. म्हणून सगळे एकत्र वापरतात.

एवढं सगळं कशाला, तर उंचावर हवामान केंद्रं फार कमी आहेत आणि तलाव तिथे आपोआप तापमानाची नोंद ठेवतो. जपानमधल्या सुवा सरोवराच्या बर्फाची नोंद शिंतो पुजाऱ्यांनी १४४३ पासून ठेवलीय, आणि तिथे आता हिवाळेच्या हिवाळे नीट न गोठता जातात हे त्या वहीमुळे कळतं. आपल्या तलावांची अशी वही नाही, पण लँडसॅटचे फोटो १९७२ पासूनचे आहेत आणि २००८ पासून फुकट मिळतात. बर्फ लवकर सुटला तर बाष्पीभवनही लवकर सुरू, पाण्याचा हिशोब बदलतो. त्सो मोरिरीला अंडी घालायला येणाऱ्या पट्टकदंब हंसांना तर काठावर मोकळं पाणी कधी मिळतं यावरच सगळं.

३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाचा निसार हा रडार उपग्रह अवकाशात गेला, दोन वेगवेगळ्या लांबीच्या रडारलहरी, बारा दिवसांनी तीच जागा. लांब लहर बर्फात जास्त आत जाते, त्यामुळे त्याची हिवाळ्यातली चित्रं नीट चाळायची आहेत.

कोणाला स्वतः बघायचं असेल तर सेंटिनेलचे फोटो दाखवणारी कोपर्निकस ब्राउझर ही वेबसाइट उघडा, पँगाँगवर झूम करा, तारीख मागेपुढे करत बसा. पैसे लागत नाहीत, वेळ मात्र भरपूर जातो. फक्त ग्रुपवाल्यांना आधीच सांगितलंय की यावरून बर्फावर चालायचं ठरवू नका. पँगाँगवर २०२३ पासून हाफ मॅरेथॉन होते म्हणून आपणही जाऊ असं नाही, सॅटेलाइटला बर्फ आहे की नाही ते कळतं, आपलं वजन पेलेल इतका जाड आहे का ते या चित्रांवरून कळत नाही. त्यासाठी जागेवर जाऊन भोक पाडून फूटपट्टीच लावावी लागते.