शुगर १७२, तरीही थेट कॅज्युअल्टीत

काकू खुर्चीत टेकल्या तेव्हा मिनिटाला २८ श्वास चालू होते, तेही लिफ्टने वर आल्यावर. फाइलवर येण्याचं कारण एवढंच : 'डाएट चार्ट हवा.'

वय ५६. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून दोन वर्षं झालेली, कॅन्सर परतू नये म्हणून रोज लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी, जोडीला मधुमेह. 'कॅन्सर साखरेवर जगतो' असं मुलाने मोबाइलवर पाहिलं आणि पाच आठवड्यांपूर्वी घरात कीटो, म्हणजे कर्बोदकं जवळपास बंद आणि चरबीवर भर असलेला आहार, सुरू झालं. वजन ६८ वरून ६१ किलो. गेले तीन दिवस मळमळ आणि पोटदुखी. 'कीटो फ्लू आहे, जाईल' म्हणून लिंबू-मिठाचं पाणी चाललं होतं.

सकाळी लोणी घातलेली कॉफी, दुपारी पनीर नि कोबी, रात्री दोन अंडी, अधूनमधून खोबरं. भाकरी, डाळ, दूध, फळं सगळं बंद. दिवसाची कर्बोदकं जेमतेम २० ग्रॅम. मग गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगितली. चिठ्ठीवरचं आणि पिशवीतलं दर वेळी जुळतंच असं नाही, म्हणून पिशवी बघायचीच. मेटफॉर्मिनच्या पट्टीखालून मधुमेहाचीच दुसरी गोळी, डापाग्लिफ्लोझिन, निघाली.

ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते. त्यात पोटात कर्बोदकं नाहीत, म्हणजे इन्सुलिन आणखी खाली. शरीर चरबी जाळत सुटतं आणि रक्तात कीटोन साचून आम्ल वाढतं. साखर लघवीतून जात राहिल्याने ग्लुकोमीटर मात्र शांत असतो. काकूंचा आकडा १७२. इथेच फसगत होते, कारण कीटोअॅसिडोसिस, म्हणजे कीटोनमुळे रक्तात आम्ल वाढणं, म्हटलं की सगळे ४००-५००ची शुगर शोधतात. लघवीतले कीटोन दाखवणाऱ्या पट्टीवरही भिस्त ठेवू नये. ती रक्तातला मुख्य कीटोन पकडतच नाही. बोटाच्या रक्तावर कीटोन तपासले : ४.८. साध्या कीटो आहारात हा आकडा साधारण ०.५ ते ३ असतो.

व्हीलचेअर मागवून थेट कॅज्युअल्टी. रक्ताचा पीएच ७.१८, म्हणजे आम्ल बरंच वाढलेलं. सलाइन, इन्सुलिन, पोटॅशियमवर नजर, आणि शुगर आधीच कमी असल्याने डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, पहिल्यापासून जोडलेलं. 'साखर बंद केलेल्या बाईला ग्लुकोज चढवताय?' मुलगा दोनदा विचारून गेला. इन्सुलिन देत राहिल्याशिवाय कीटोन थांबत नाहीत आणि ग्लुकोजशिवाय तेवढं इन्सुलिन देता येत नाही, हे त्याला कागदावर बाण काढून दाखवावं लागलं.

त्याचा मूळ मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. ट्यूमरच्या पेशी ग्लुकोज भराभर वापरतात हे ओटो वॉरबर्गने १९२०च्या दशकात दाखवलं. पण ताटातली भाकरी काढली तरी यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतं, आणि बऱ्याच ट्यूमरना ग्लुटामाइन (प्रथिनांतला एक घटक) व चरबीही चालते. कीटोने स्तनाचा कॅन्सर परतायचा थांबतो असा पुरावा नाही. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात, म्हणजे फिट्सच्या आजारात, हा आहार खरोखर कामाचा आहे, तोही डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीत.

डिस्चार्जला डापाग्लिफ्लोझिनची गोळी डॉक्टरांनी बंद केली. आहार ठरवताना प्रथिनं किलोमागे १.२ ग्रॅम, म्हणजे सुमारे ७३ ग्रॅम धरली. ज्वारी-नाचणीच्या तीन भाकऱ्यांतून १२, दिवसाला ६० ग्रॅम कच्च्या डाळीतून १४, पाव लिटर दुधातून ८, वाटीभर दह्यातून ५, दोन अंड्यांतून १२, १०० ग्रॅम बांगड्यातून १९, चमचाभर दाण्याच्या चटणीतून ३. बांगडा नसेल त्या दिवशी ३५ ग्रॅम सोया वडी. सोयाची अनेकांना भीती वाटते, पण एवढ्या सोयाने स्तनाच्या कॅन्सरला खतपाणी मिळत नाही. लेट्रोझोल हाडं झिजवतं, म्हणून दूध-दही आणि नाचणी काढायची नाही. तंतू (फायबर) दिवसाला ३० ग्रॅम, पण पाच आठवडे फक्त कोबीवर काढलेलं आतडं. पहिल्या आठवड्यात निम्मेच, नाहीतर पोट फुगतं आणि माणूस पुन्हा भाकरीलाच दोष देतो.

दोन आठवड्यांनी वजन ६२. काकूंचा एकच प्रश्न होता, संकष्टीचा. साबुदाणा जवळपास नुसता स्टार्च. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, वाटीभर दही, मूठभर दाणे, आणि चंद्रोदयापर्यंत उपाशी राहायचं नाही. 'मग तो उपास कसला?' म्हणाल्या, पण लिहून मात्र घेतलं.