हेरेफर्ड: बिशप स्विनफील्ड यांनी उभारलेले संतपीठ

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून इंग्लंडमधील हेरेफर्ड शहराला सुमारे तीन तासांत पोहोचवणाऱ्या थेट गाड्या आहेत. स्टेशनपासून कॅथीड्रल पायी गाठता येते. बहुतेक प्रवासी मध्ययुगीन जगाचा नकाशा, ‘मापा मुंडी’, पाहायला येतात. माझा आग्रह मात्र असा की आधी उत्तरेकडील ट्रान्सेप्टमध्ये, म्हणजे कॅथीड्रलच्या आडव्या बाहूत, जावे.

तेथे बिशप टॉमस कँटिलूप यांची 1287 सालची समाधी आहे. कँटरबरीचे आर्चबिशप पेकम यांनी चर्चमधून बहिष्कृत केल्यामुळे कँटिलूप पोपकडे दाद मागायला गेले आणि 1282 मध्ये इटलीतच वारले. बहिष्कृत ठरवल्या गेलेल्या माणसाला संतपद मिळवून देणे किती अवघड असेल! त्यांचे उत्तराधिकारी रिचर्ड स्विनफील्ड यांनी ते काम आयुष्यभर चिकाटीने केले. त्यांनी अस्थी या नव्या समाधीत समारंभपूर्वक हलवल्या, चमत्कारांच्या नोंदी होऊ लागल्या आणि 1290 मध्ये त्यांनी पोपकडे संतपदाची मागणी केली.

1307 मध्ये पोपने नेमलेल्या आयुक्तांनी येथे साक्षी नोंदवल्या. फाशी दिल्यानंतरही जिवंत झालेला विल्यम क्राघ त्यांच्यासमोर स्वतः उभा राहिला. त्याचे शरीर कँटिलूप यांच्या नावाने दोऱ्याने मोजण्यात आले होते, कारण त्या मापाची मेणबत्ती अर्पण करण्याची तेव्हा रीत होती. आयुक्तांना समाधीपाशी चांदीची 170 जहाजे, 108 कुबड्या आणि मेणाच्या अवयवांचा ढीग आढळला. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात-पाय वाहून नवस फेडणारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

संतपद 1320 मध्ये जाहीर झाले. स्विनफील्ड मात्र 1317 मध्येच निवर्तले होते. त्यांच्या श्रमांचे फळ त्यांना पाहता आले नाही, याची मला फार हळहळ वाटते.

समाधीपाशी गुडघे टेकून खालची बाजू नीट पाहावी. कोनाड्यांत चिलखतधारी शोकमग्न योद्धे आहेत, आणि त्यांच्या वरची पाने इतकी जिवंत कोरली आहेत की दगडाचा विसर पडतो. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या (रिफॉर्मेशनच्या) काळात संतपूजेची देवस्थाने मोडली गेली, तरी ही समाधी टिकली. वरचे रंगीत छत मात्र अलीकडचे आहे.

नकाशा आणि साखळदंडाने बांधलेल्या ग्रंथांचे दालन यांसाठी वेगळे तिकीट लागते. त्यांच्या वेळा कॅथीड्रलच्या वेळांपेक्षा वेगळ्या असू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात, आणि प्रार्थना चालू असताना समाधीभोवती फिरू नये.